लठ्ठपणाची शस्त्रक्रिया : करावी की नाही, हे ठरवायचं कसं?



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. पायदळात तेहतीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त होऊन महूला राहतो. आज वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेवर, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरीवर बोलायचं आहे. ती करा किंवा करू नका, असं मी सांगणार नाही. ते तुम्हाला तपासून तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. हा निर्णय तोलायचा कसा, एवढ्यावर मी बोलेन. जोखीम तोलणं हे माझं नोकरीभराचं काम होतं.

विषय थोड्या लोकांचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. जवळजवळ चौघांत एक. त्यातल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही, पण प्रश्न मात्र बऱ्याच घरांत निघतो. २०११ मध्ये नितीन गडकरी आणि २०१४ मध्ये अरुण जेटली यांच्या शस्त्रक्रियेच्या बातम्या आल्या, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

चार वर्षांपूर्वी, एकाच महिन्यात, मला या विषयावर दोन फोन आले. पहिला माझ्या धाकट्या बहिणीचा, बडोद्याहून. वय ५४, उंची पाच फूट दोन इंच, वजन १०४ किलो. अकरा वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोनदा इन्शुलिन, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री तोंडावर सीपॅप मशीन. गुडघे बदलायचे तर आधी वजन उतरवा, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. ती म्हणाली, "दादा, तू सांग. करू का नको? तू हो म्हणालास तर करते."

दुसरा फोन आमच्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा. "सर, पोराचं वजन ९६ किलो झालंय. लग्न फेब्रुवारीत धरलंय. एफडी मोडतो, पण ऑपरेशन करून टाकू म्हणतो." मुलगा २६ वर्षांचा, पाच फूट नऊ इंच. आजार काही नाही.

दोघांनाही मी फोनवर उत्तर दिलं नाही. फौजेत टेकडी घ्यायची असली तर कंपनी कमांडर आधी कागद-पेन्सिल घेऊन बसतो. या पद्धतीला आम्ही ॲप्रिसिएशन म्हणतो. उद्दिष्ट काय, परिस्थिती काय, आपल्यापुढे मार्ग किती, प्रत्येक मार्गात मिळणार काय आणि जाणार काय, हे क्रमानं लिहायचं. सगळ्यात शेवटी, टेकडी हातात आल्यावर ती राखणार कशी, तेही लिहायचं. गड घेणं वेगळं आणि राखणं वेगळं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच क्रमानं आज जाऊ या.

पहिला मुद्दा, उद्दिष्ट. ते एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. बहिणीनं लिहिलं, "साखर आटोक्यात यावी, रात्री मशीनशिवाय झोपता यावं, जिना चढता यावा." बारीक दिसण्याचा त्यात उल्लेख नव्हता. सुभेदार साहेबांच्या मुलाचं उद्दिष्ट होतं फेब्रुवारीतली तारीख. दिसण्याची इच्छा वाईट नाही. पण लग्न एका दिवसाचं असतं आणि ही शस्त्रक्रिया जन्माची असते.

दुसरा मुद्दा, परिस्थिती. इथे बीएमआय हा आकडा लागतो. किलोमधलं वजन घ्या आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा. बहिणीचा आला ४२, मुलाचा ३१. आपल्या लोकांत चरबी पोटाभोवती जास्त साठते आणि कमी वजनातच मधुमेह होतो, म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. शस्त्रक्रियेसाठी पूर्वी ४० ची, किंवा सोबत आजार असेल तर ३५ ची मर्यादा होती. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सक संघटनांनी ती खाली आणली. आता ३५ च्या पुढे आजार असो वा नसो, ३० च्या पुढे मधुमेहासारखा आजार असेल तर, आणि आशियाई लोकांत २७.५ पासूनही शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. शब्द लक्षात घ्या, विचार करता येतो. आकडा दार उघडतो. आत जायचं की नाही, हे आजार, वय, आधी केलेले प्रयत्न आणि मनाची स्थिती बघून ठरतं.

आता शस्त्रक्रियेत नेमकं होतं काय? आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार चालतात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा साधारण तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. काढलेला भाग परत बसवता येत नाही. दुसरा बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करतात, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, आणि तिला आतडं खालून आणून जोडतात. अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा पहिला भाग सोडून पुढे जातं. दोन्ही दुर्बिणीतून होतात आणि बहुतेक लोक दोन-तीन दिवसांत घरी जातात.

पोट लहान होतं म्हणून माणूस कमी खातो, हे खरं, पण अर्धंच. जठर-आतड्यातून निघणारे भुकेचे आणि तृप्तीचे संदेश या शस्त्रक्रियेनं बदलतात. आमच्या घरात एक ज्येष्ठ नातेवाईक म्हणाले, "तोंडाला कुलूप लावलं की झालं, पोट कशाला कापायचं?" बहीण तोवर चार वेळा दहा-बारा किलो उतरवून बसली होती आणि चारही वेळा ते परत आलं होतं. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा खर्च करणं कमी करतं. ४२ बीएमआय असलेला माणूस आळशी आहे, असं मानून बसलात तर हिशेब पहिल्याच ओळीत चुकेल.

तिसरा मुद्दा, नफा-तोटा. आधी तोटा बघू. मृत्यूची शक्यता किती? चांगल्या केंद्रांत पहिल्या महिन्याभरात हजारात एक ते तीन, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या किंवा गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेच्या आसपास. वय जास्त, हृदय कमजोर, बीएमआय फार मोठा असेल तर ती वाढते. टाके घातलेल्या जागेतून गळती शंभरात एखाद्या-दोघांना होते, आणि झाली तर ती गंभीर असते. रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, हेही धोके आहेत. म्हणून दुसऱ्याच दिवशी चालायला लावतात.

पुढचे धोके सावकाश येतात. स्लीव्हनंतर अनेकांचं आम्लपित्त वाढतं, छातीत जळजळ कायमची होऊ शकते. आधीच जळजळीचा मोठा त्रास असेल तर डॉक्टर बहुधा बायपास सुचवतात. बायपासनंतर गोड खाल्लं की काहींना धडधडतं, घाम फुटतो, जुलाब होतात. जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. आतड्याला पीळ पडण्याचा धोका वर्षांनंतरही राहतो. वजन झपाट्यानं उतरताना पित्ताशयात खडे होतात. केस गळतात, बहुतेकांचे पुढे येतात. कातडी लोंबते. बायपासनंतर दारू पटकन चढते आणि व्यसनाची शक्यता वाढते. फौजी मंडळींनी आणि त्यांच्या बायकांनी हे वाक्य पुन्हा एकदा ऐकावं. नैराश्याचा इतिहास असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना आधी भेटायचं, कारण वजन उतरल्यावर मनाचं ओझं आपोआप उतरतंच असं नाही.

आता नफ्याची बाजू. स्लीव्हनं साधारण एक चतुर्थांश आणि बायपासनं तीस टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं. मधुमेहावर अमेरिकेत 'स्टॅम्पीड' नावाची चाचणी झाली, १५० रुग्णांची. २०१७ मध्ये तिचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. एचबीए१सी ६ टक्के किंवा त्याखाली आणणं हे ध्येय होतं. फक्त औषधं घेणाऱ्यांतल्या ५ टक्क्यांना ते जमलं, स्लीव्ह झालेल्यांतल्या २३ टक्क्यांना आणि बायपास झालेल्यांतल्या २९ टक्क्यांना. फरक मोठा आहे. पण उलट बाजूनं वाचा. बायपास करूनही शंभरातल्या ७१ जणांना ते ध्येय गाठता आलं नाही. त्यांची साखर सुधारली असेल, पण "मधुमेह कायमचा गेला" अशी जाहिरात कोणी केली तर हा आकडा आठवा.

दुसरा अभ्यास स्वीडनचा. १९८७ मध्ये सुरू झाला, सुमारे ४००० लोक, निम्म्यांची शस्त्रक्रिया, निम्म्यांवर नेहमीचे उपचार. शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेहींपैकी ७२ टक्क्यांचा मधुमेह दोन वर्षांनी मागे हटला होता. पंधरा वर्षांनी तो आकडा ३० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये त्यांनी आयुष्याचा हिशेब मांडला. शस्त्रक्रिया झालेले लोक न झालेल्या लठ्ठ लोकांपेक्षा सुमारे तीन वर्षं जास्त जगले, तरी सर्वसामान्य लोकांपेक्षा साडेपाच वर्षं कमी. त्यातल्या बऱ्याच शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीच्या होत्या, हे ध्यानात ठेवावं. पण दिशा कळते. फायदा खरा आहे आणि तो अपुरा आहे.

इथे बहुतेक घरांत एक रकाना लिहायचा राहून जातो. लोक विचारतात, "ऑपरेशनमध्ये काही झालं तर?" ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, हे कोणी विचारत नाही. जागेवर बसून राहणं हाही एक मार्ग आहे आणि त्यालाही किंमत पडते. मी बहिणीला तिच्या फिजिशियनकडे हाच प्रश्न घेऊन पाठवलं. त्यांनी सांगितलं, मूत्रपिंडावर परिणाम सुरू झालाय, डोळ्यांच्या पडद्यावर सुरुवात आहे, गुडघ्यांमुळे चालणं बंद, म्हणून वजन वाढतंच राहणार. म्हणजे तिच्या कागदावर एका बाजूला हजारात एक-तीन असा आजचा धोका होता आणि दुसऱ्या बाजूला दरवर्षी थोडा थोडा वाढणारा. मुलाच्या कागदावर ती दुसरी बाजू जवळजवळ कोरी होती. साखर, रक्तदाब, यकृत सगळं ठीक. त्यानं आजवर एकदाही डायटिशियनचं तोंड पाहिलं नव्हतं.

मधले मार्गही लिहायचे. आहार-व्यायाम तर आहेच. आता इंजेक्शनं आली आहेत. भारतात टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये माउंजारो या नावानं आलं आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये वेगोव्ही या नावानं. बहिणीच्या वेळी ती आपल्या बाजारात नव्हती. चाचण्यांत सेमाग्लुटाइडनं सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसनं २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. कापाकापी नाही, हा मोठा फायदा. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग वर्षभरात परत आल्याचं त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसलं. म्हणजे औषध लांब चालवावं लागतं, त्याचा खर्च आणि त्रास धरून हिशेब करावा लागतो. ३१ बीएमआयच्या माणसाला हा मार्ग जवळचा वाटू शकतो, ४२ च्या माणसाला कदाचित अपुरा. तुमच्या डॉक्टरांना या तिन्ही मार्गांबद्दल विचारा. एकच मार्ग दाखवणाऱ्याकडून उठून दुसरं मत घ्या.

चौथा मुद्दा, गड राखणं. माझ्या मते निर्णय इथे होतो. पहिले दोन आठवडे पातळ, मग मऊ, मग दीड-दोन महिन्यांत नेहमीचं जेवण, पण वाटीभर. प्रत्येक घास चावून. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास थांबून. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं, आणि शाकाहारी घरात ती मूग, पनीर, दही, सोयाबीन यांतून जमवायला रोज डोकं लावावं लागतं. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मल्टिव्हिटॅमिन हे सगळं जन्मभर, आणि रक्ततपासणीही जन्मभर. बायपासनंतर ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. सिगरेट, तंबाखू बंद. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायचं. सतत उलट्या होत असतील तर घरी बसायचं नाही, कारण बी-१ कमी पडून नसांवर आणि मेंदूवर परिणाम होतो.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी बघायची. इंदूर, रायपूर, हुबळी इथून माणूस मुंबई-पुण्याला जाऊन शस्त्रक्रिया करून येतो. सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता पोटात कळ आली तर कोणाकडे जाणार? गावातल्या एका सर्जनला आधीच भेटून ठेवा. जवान गळ्यात ओळखपट्टी घालतो, तसं पाकिटात एक कार्ड ठेवा. कोणती शस्त्रक्रिया, कधी, कोणत्या रुग्णालयात, एवढं लिहा. बायपास झालेल्या माणसाची पोटदुखी साधी समजून गोळी देऊन परत पाठवणं धोक्याचं असतं.

सर्जनला विचारायचे प्रश्न लिहून न्या. वर्षाला किती करता? माझ्यासाठी हाच प्रकार का, दुसरा का नाही? गळती झाली तर रात्री कोण असतं, आयसीयू आहे का? पाच वर्षांपूर्वीचे किती रुग्ण अजून तपासणीला येतात? पॅकेजमध्ये काय धरलंय, गुंतागुंत झाली तर खर्च कोणाचा? विम्याच्या नियमांत बीएमआय ४० किंवा गंभीर आजारासह ३५, वय १८ च्या वर, डॉक्टरांचा सल्ला आणि आधीचे उपाय फसल्याचा पुरावा अशा अटी असतात. नव्या पॉलिसीला प्रतीक्षाकाळही असू शकतो. डॉक्टरांची मर्यादा आणि विम्याची मर्यादा एकच नसते. ईसीएचएस-सीजीएचएसवाल्यांनी लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय भरती होऊ नये.

दोघांचं पुढे काय झालं, ते सांगतो. मुलाचा कागद त्यानं आणि सुभेदार साहेबांनी मिळून भरला. "राखणं" या रकान्यात मुलगा काही लिहू शकला नाही. एफडी मोडली नाही. डायटिशियन, सकाळचं पळणं, रात्रीची पार्सलं बंद. लग्नापर्यंत सहा किलो उतरले, वर्षभरात अकरा. पुढे परत वाढलं आणि आजार जडला, तर शस्त्रक्रियेचं दार त्याला उघडंच आहे.

बहिणीनं बायपास केली. निर्णय तिचा, सही तिची. मी फक्त कागद आखून दिला. आज तिचं वजन ७७ आहे. इन्शुलिन बंद झालं, पण दीड वर्षानंतर एक गोळी परत सुरू झाली. मशीन सुटलं. सातव्या महिन्यात पित्ताच्या खड्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. लोह दोनदा शिरेतून घ्यावं लागलं. श्रीखंड दोन चमच्यांच्या वर गेलं की तासभर आडवी पडते. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती देवळाच्या पायऱ्या स्वतः चढते. तिला विचारलं तर म्हणते, "पुन्हा करीन. पण कोणाला आग्रह करणार नाही." मला हे उत्तर पटतं. किंमत मोजून, ती आधीपासून माहीत असून केलेला हा निर्णय आहे.

तेव्हा मंडळी, घरात कोणाच्या मनात हा विषय असेल तर आज रात्री एक कागद घ्या. उद्दिष्ट, केलं तर, नाही केलं तर, मधले मार्ग आणि राखणं, असे पाच रकाने आखा. ज्याच्या पोटावर शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्याच्याच हातानं ते भरू द्या. शेवटचा रकाना भरताना घरातली सगळी माणसं समोर बसू देत, कारण वाटीभर जेवणाऱ्या माणसाला ताट वाढून आग्रह न करणं हे त्यांचं काम आहे. मग तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

जय हिंद.